व्याप्त शहर, मुलाची नजर: युद्धकाळावरचा लघुपट कसा करावा

परक्या सैन्याच्या ताब्यातलं शहर मुलाच्या नजरेतून दाखवायचं ठरवलं की एक अट आपोआप येते. मुलाला जे कळत नाही ते चित्रपटाने सांगायचं नाही. प्रेक्षकाला ते कळलं पाहिजे, पण मुलाच्या डोक्यावरून. कॅमेरा किती उंचीवर ठेवायचा, कोणत्या वाक्याला सबटायटल द्यायचं नाही, सैनिक किती दिसू द्यायचा, हे सगळं याच अटीतून ठरतं. ती पटकथेपासून संकलनापर्यंत पाळली तर असा चित्रपट थोड्या पैशांतही होतो, कारण मुलाच्या वाट्याला रणगाडे येत नाहीत. त्याच्या वाट्याला जिना, स्वयंपाकघर आणि दाराची फट येते.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे: १८ मिनिटांचा लघुपट, जर्मनव्याप्त अ‍ॅमस्टरडॅम, जानेवारी १९४५. तुमचा काळ आणि देश वेगळा असेल तर तपशील बदलतील, रीत हीच राहील.

आधी महिना पक्का करा

‘दुसऱ्या महायुद्धातलं हॉलंड’ एवढ्यावर काम सुरू करू नका. व्याप्त प्रदेशात दर काही महिन्यांनी नियम बदलतात आणि मुलाचा दिवस त्या नियमांनी घडतो. जर्मन सैन्य १० मे १९४० रोजी नेदरलँड्समध्ये शिरलं, १४ मे रोजी रॉटरडॅमवर बॉम्बफेक झाली आणि दुसऱ्या दिवशी डच सैन्याने शरणागती पत्करली. १६ मेपासून घड्याळं १ तास ४० मिनिटं पुढे करून जर्मन वेळेला लावली गेली. एवढी एकच गोष्ट मुलाच्या नजरेतल्या चित्रपटाला पुरेशी आहे: झोपायला पाठवलं जातं आणि बाहेर लख्ख ऊन असतं.

१९४१ च्या उन्हाळी सुटीनंतर ज्यू मुलांना वेगळ्या शाळांत जावं लागलं. ३ मे १९४२ पासून सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यू व्यक्तीला कपड्यावर पिवळा तारा लावणं सक्तीचं झालं. जुलै १९४२ मध्ये सायकली जप्त होऊ लागल्या, मे १९४३ मध्ये रेडिओ जमा करण्याचा हुकूम निघाला. सप्टेंबर १९४४ मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांचा संप झाला. त्याला उत्तर म्हणून जर्मनांनी देशाच्या पश्चिम भागाकडे येणारं अन्न अडवलं. ऑक्टोबरमध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या घरांतली वीज आणि गॅस बंद झाले. पुढे कालवे गोठले आणि जलमार्गाने येणारं थोडंफार अन्नही अडकलं. प्रौढ माणसाचा रोजचा शिधा नोव्हेंबर १९४४ च्या अखेरीस १००० कॅलरींच्या खाली गेला होता, फेब्रुवारी १९४५ च्या अखेरीस तो सुमारे ५८० वर आला. डच लोक या काळाला भुकेचा हिवाळा म्हणतात. त्यात सुमारे २०,००० माणसं मेली.

असा तक्ता भिंतीवर लावा आणि प्रत्येक तारखेसमोर एकच प्रश्न लिहा: या दिवशी नऊ वर्षांच्या मुलाच्या घरातून काय गेलं? उत्तर वस्तूच्या नावाने आलं पाहिजे. ‘स्वातंत्र्य गेलं’ या उत्तराचं चित्रण करता येत नाही. ‘रेडिओच्या जागी भिंतीवर राहिलेला फिकट चौकोन’ याचं करता येतं.

मुलाला युद्धाबाहेरचं काहीतरी हवं असू द्या

अशा पटकथा बहुतेक एकाच जागी फसतात. त्यांतलं मूल युद्धाचा साक्षीदार असतं, बाकी काही नसतं. ते बघतं, घाबरतं, रडतं. खरं मूल हट्टी असतं, आपल्या वाट्याला आलेला तुकडा भावाच्या तुकड्यापेक्षा मोठा आहे का ते पाहतं, कोसळलेल्या विमानाचे पत्रे गोळा करून त्यांची अदलाबदल करतं. त्याला निरागसतेचा पुतळा केलं की प्रेक्षक त्याच्यावर दया करतो, पण त्याच्या सोबत चालत नाही.

आपल्या उदाहरणातल्या नऊ वर्षांच्या मुलीला बर्फावर घसरायचे स्केट्स हवे आहेत. कालवा गोठला आहे, शाळा कोळशाअभावी बंद आहे, तिच्याकडे स्केट्स नाहीत. थोरला भाऊ जळण शोधायला निघतो. त्या हिवाळ्यात अ‍ॅमस्टरडॅमच्या लोकांनी ट्रामच्या रुळांमधले लाकडी ठोकळे उपसून नेले आणि ते संपल्यावर रिकाम्या घरांतली दारं, जिने, तुळया काढल्या. ही रिकामी घरं बहुतांशी ज्यू वस्तीतली होती. त्यांतल्या माणसांना १९४२ आणि १९४३ मध्ये छळछावण्यांकडे नेलं गेलं होतं. भाऊ बहिणीला अशाच एका घरात नेतो. ते तिच्या मैत्रिणीचं घर आहे. जिन्याची पायरी उचकटताना खाली मैत्रिणीचे स्केट्स सापडतात. पुढे कालव्यावर ती ते बुटांना बांधायला जाते आणि ते लहान पडतात.

मैत्रीण आणि ती एकाच वयाच्या होत्या. स्केट्स १९४० च्या हिवाळ्यातले, चार-पाच वर्षांच्या पायांचे. मुलीला फक्त एवढंच कळतं की ते बसत नाहीत. बाकीचं प्रेक्षकाला कळतं, आणि त्यासाठी एकही संवाद लागत नाही.

स्केट्स जिन्याखालीच का? कारण माणसं नेल्यावर त्या घरांतलं सामान मोजदाद करून गाड्यांत भरून नेलं जात असे. स्केट्स कपाटात सापडले तर इतिहास माहीत असलेल्या प्रेक्षकाचा विश्वास तिथेच उडेल. योगायोगाला इतिहासाने जागा करून दिली पाहिजे.

तीन रकान्यांचा कागद

पटकथा लिहून झाल्यावर प्रत्येक प्रसंगासाठी तीन रकाने आखा: दिसतं, ऐकू येतं, समजतं. तिसऱ्यात मुलाचा अर्थ लिहायचा आणि तो शक्यतो चुकीचा असावा. भाऊ-बहीण घरी परततात तो प्रसंग असा भरता येईल.

दिसतं: आई स्केट्सच्या पट्ट्यावर लिहिलेलं नाव अंगठ्याने झाकते.
ऐकू येतं: शेगडीत लाकडाचा तडतडाट, भाऊ गप्प.
समजतं: आपण चोरी केली म्हणून आई रागावली.

तिसरा रकाना रिकामा राहिला तर प्रसंग मुलाचा नाही, मोठ्यांचा आहे. तो काढा किंवा दाराच्या दुसऱ्या बाजूला, मूल जिथे उभं आहे तिथे न्या. तिसऱ्या रकान्यात बरोबर अर्थ पुन्हा पुन्हा येत असेल तर तुमचं मूल वयापेक्षा शहाणं झालं आहे. मोठेपणीच्या आवाजातलं निवेदन घालण्याचा मोह इथेच होतो. घालू नका. त्या आवाजाला युद्धाचा शेवट माहीत असतो आणि तो पहिल्याच वाक्यात सगळी अनिश्चितता संपवतो.

पानांचा हिशेबही वेगळा ठेवा. एरवी पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट. मुलांच्या, कमी संवादांच्या प्रसंगात ते सव्वा ते दीड मिनिटापर्यंत ताणलं जातं. १८ मिनिटांसाठी १२ ते १३ पानं पुरतात. १८ पानं लिहिलीत तर संकलनात चांगले प्रसंग कापावे लागतील.

वस्तू आणि कपडे: कुठे चुकतं

मुलांच्या चित्रपटात वस्तू जवळून दिसतात, त्यामुळे चूक लपत नाही. आपल्या उदाहरणापुरत्या नेहमीच्या चुका या.

मुलीच्या हातात ओळखपत्र देणं. नेदरलँड्समधलं फोटो आणि ठसा असलेलं ओळखपत्र १५ वर्षांवरच्यांसाठी होतं. शिध्याची कूपनं मात्र मुलांच्या नावेही असत, आणि ती हरवणं हे मुलाच्या आयुष्यातलं खरं संकट होतं.

शेगडीत ओंडका टाकणं. गॅस बंद झाल्यावर लोक पत्र्याची छोटी शेगडी वापरत; मोठ्या डब्याएवढी, नेहमीच्या स्टोव्हवर ठेवलेली. तिच्यात बोटाएवढ्या चिपाच मावत. म्हणजे जिन्याची पायरी घरी आणल्यावर ती फोडत बसणं हे तासाभराचं काम, आणि तोच तुमचा प्रसंग आहे.

नाणी चांदीची दाखवणं. युद्धकाळात किरकोळ नाणी जस्ताची झाली होती. ती करडी, मळकट दिसतात.

१९४५ मधल्या सगळ्या जर्मन सैनिकांच्या पायांत उंच बूट चढवणं. युद्धाच्या उत्तरार्धात चामडं वाचवण्यासाठी घोट्यापर्यंतचे बूट आणि वर कापडी गेटर्स (घोट्याभोवती गुंडाळायचे पट्टे) सर्रास झाले. कॅमेरा मुलाच्या उंचीवर असल्याने नेमकी हीच गोष्ट फ्रेमच्या मधोमध येते.

तारा दाखवायचा असेल (उदाहरणार्थ एखाद्या जुन्या आठवणीत), तर तो डाव्या छातीवर, बाहेरच्या कपड्यावर, चारही बाजूंनी घट्ट शिवलेला हवा. पिनेने अडकवलेला तारा चालत नसे. प्रत्येकाला चार तारे मिळत. चारांना मिळून कापडाचं एक कूपन द्यावं लागे, शिवाय प्रत्येकी ४ सेंट. मैत्रिणीची आई स्वयंपाकघरात बसून तिच्या दोन कोटांवर तारे शिवते आहे, एवढा शॉट पुरेसा आहे.

कपड्यांबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे दोन खऱ्या गोष्टी एकमेकींविरुद्ध जातात. मुलं उपाशी होती म्हणून कपडे ढगळ दिसावेत असं वाटतं. पण मुलं वाढतही होती आणि नवं कापड मिळत नव्हतं. त्यामुळे बाही मनगटाच्या ४-५ सेंटिमीटर वर, फ्रॉकची दुमड उसवून लांबी वाढवलेली आणि जुन्या घडीची गडद रेघ तशीच राहिलेली, पण गळा मात्र सैल. वेशभूषाकाराला हे तिन्ही एकाच कपड्यात हवं असं सांगा. बाल कलाकाराला वजन कमी करायला कधीही, गमतीतही, सुचवू नका. गालाखालची हलकी सावली आणि वरून येणारा प्रकाश यांनी चेहरा पुरेसा ओढलेला दिसतो.

स्केट्स दोन जोड हवेत. त्या भागात लाकडी तळव्याला पोलादी पातं बसवलेले आणि चामडी पट्ट्यांनी बुटाला बांधायचे स्केट्स प्रचलित होते. एक जोड जवळच्या शॉटसाठी, खरा दिसणारा. दुसरा धावपळीसाठी, अ‍ॅल्युमिनियमच्या बोथट पात्याचा. लांबी सुमारे १८ सेंटिमीटर ठेवा. नऊ वर्षांच्या मुलीचा बूट २२ च्या आसपास असतो. हा चार सेंटिमीटरचा फरक पडद्यावर एका नजरेत दिसला पाहिजे, म्हणून स्केट बुटाखाली धरलेला शॉट बाजूने घ्या, वरून नाही.

मुलं निवडणं आणि त्यांच्यासोबत काम

‘रडून दाखव’ असं विचारून निवड करू नका. मागणीनुसार रडणारं मूल बहुतेक वेळा मोठ्यांची नक्कल करत असतं. त्याऐवजी काम द्या: अंधाऱ्या खोलीत बुटाची नाडी बांध, दाराआडचं बोलणं ऐकून काय ऐकलंस ते सांग, हे गुपित दहा मिनिटं कुणाला सांगू नकोस. आपण पाहिले जातोय हे विसरून हातातल्या कामात बुडणारं मूल निवडा. भाऊ-बहिणीच्या भूमिकेतल्या दोघांना एकत्र तपासा. त्यांचं भांडण खरं वाटलं तर प्रेमही वाटेल.

पालकांना पूर्ण पटकथा द्या. मुलाला पटकथा न देता गोष्ट सांगा, आणि खरी सांगा: मैत्रीण कुठे गेली, तिचं काय झालं, हे त्याच्या वयाला झेपेल अशा शब्दांत. पात्राला माहीत नाही पण कलाकाराला माहीत आहे, असं चालतं. मुलं हा भेद सहज सांभाळतात, कारण त्यांचे सगळे खेळ त्याच्यावरच चालतात. सेटवर खोटी बातमी देऊन, अचानक आवाज करून किंवा कुणाला ओरडायला लावून भीती मिळवणं हा विश्वासघात आहे. शिवाय त्याने दुसरा टेक हातचा जातो, कारण मूल पुढच्या धक्क्याची वाट पाहत राहतं.

भीती हवी असेल तर शरीराला काम द्या. गस्तीच्या प्रसंगात मुलीला सांगा: श्वास धर, बाहेरची पावलं मनात मोज, आठव्या पावलाला आवंढा गिळ. तिचा चेहरा जवळजवळ कोरा राहील आणि तोच योग्य आहे. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव यांच्या प्रयोगातून चित्रपटवाल्यांनी शिकलेला धडा इथे वापरायचा: कोऱ्या चेहऱ्याला पुढची प्रतिमा अर्थ देते.

वेळेचं बंधन कडक ठेवा. मुलाचे सेटवरचे तास दिवसाला पाचच्या पुढे नेऊ नका, सलग तीन तासांहून जास्त काम नको, आणि त्यातही कॅमेऱ्यासमोरची खरी मेहनत दोन-अडीच तासांचीच धरा. तुमच्या ठिकाणी बालकलाकारांसाठी जो कायदा आणि परवाना असेल तो चित्रीकरणाच्या तारखा ठरण्याआधी मिळवा. १८ मिनिटांसाठी सहा दिवस आणि दिवसाला १२ ते १४ शॉट हा हिशेब मुलांसोबत जमतो. २० शॉट लिहिलेत तर शेवटच्या सहांत थकलेलं मूल दिसेल.

दातांकडे लक्ष द्या. सहा ते दहा वर्षांच्या मुलांचे दुधाचे दात पडतात आणि चित्रीकरणाच्या दोन टप्प्यांमध्ये महिना गेला तर फ्रेम जुळत नाही. निवडीच्या वेळी हलणारे दात विचारा, चेहऱ्याचे शॉट सलग दिवसांत संपवा. केस कापायचे तर दोन आठवडे आधी कापा, म्हणजे ते घरात कात्रीने कापल्यासारखे बसतात.

कॅमेऱ्याची उंची

नऊ वर्षांच्या मुलाची उंची साधारण १३० सेंटिमीटर, डोळे ११८ ते १२० वर. हीच चित्रपटाची मूळ उंची. ट्रायपॉडच्या पायावर चिकटपट्टीने खूण करा आणि दर शॉटला मोजा, कारण मोठ्या माणसांचं युनिट नकळत कॅमेरा वर सरकवत राहतं. मूल खुर्चीवर बसलं की डोळे साधारण ९५ ते १०० वर येतात, टेबलाखाली ६० ते ७०. लहान पायांचा ट्रायपॉड किंवा हाय-हॅट (कॅमेरा जमिनीलगत बसवायची बैठक) सोबत ठेवा.

या उंचीवर मोठ्यांची डोकी फ्रेमच्या वर जातात. पहिल्या दोन-तीन प्रसंगांत जाऊ द्या. आईचे हात, वडिलांचा रिकामा कोट, शेजारणीची पिशवी दिसू द्या. पण सगळा चित्रपट कंबरांवर चालवलात तर तो क्लृप्तीसारखा वाटतो. खरं मूल मान वर करून चेहरे वाचत असतं, मोठ्यांपेक्षा जास्त बारकाईने. म्हणून धोक्याच्या प्रसंगात कॅमेरा वर तिरका करून आईचा चेहरा जरूर घ्या. मोठं माणूस मुलाच्या पातळीला खाली बसतं तो क्षण मात्र राखून ठेवा. आपल्या उदाहरणात तो एकदाच येतो, आई स्केट्स हातात घेते तेव्हा.

फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स बहुतेक कामाला पुरते. मुलीच्या चेहऱ्यासाठी ५०. २४ च्या खाली गेलात तर मोठी माणसं राक्षसासारखी ताणली जातात आणि प्रेक्षकाला लेन्स दिसू लागते. मुलाला वरून खाली पाहणारा शॉट टाळा. ती दया करणाऱ्याची नजर आहे. निखळ पीओव्ही शॉट (मुलाच्याच डोळ्यांतून दिसणारे) दोन ते चार सेकंदांचे ठेवा. जास्त भार खांद्यामागच्या शॉटवर टाका: मुलीच्या कानाची कडा आणि केस फ्रेममध्ये, पलीकडे जग.

मुलाची नजर बूमवाल्याकडे (लांब काठीवर माइक धरणाऱ्याकडे) किंवा पालकांकडे वळते, ही रोजची अडचण आहे. समोरच्या मोठ्या कलाकाराला कॅमेऱ्याबाहेर खरोखर उभं करा, त्याचे संवाद त्यालाच म्हणू द्या. चिकटपट्टीच्या खुणेकडे पाहून अभिनय करणं मोठ्यांनाही कठीण जातं.

प्रकाश

अ‍ॅमस्टरडॅम उत्तर गोलार्धात ५२ अंशांच्या थोडं वर आहे. जानेवारीच्या मध्यावर तिथला सूर्य दुपारीही क्षितिजापासून सुमारे १७ अंशांच्या वर चढत नाही. कमी अक्षांशाच्या ठिकाणी चित्रीकरण करणाऱ्यांची सर्वात ठळक चूक इथे होते: खिडकीतून उंचावरून ऊन येतं आणि हिवाळा खोटा पडतो. दिव्याने खिडकी उजळत असाल तर साधा हिशेब धरा. दिवा मुलापासून ४ मीटर दूर असेल तर तो तिच्या चेहऱ्यापेक्षा साधारण १ ते १.२ मीटरच वर हवा. प्रकाश आडवा, फिका, थोडा निळसर.

रात्री खिडक्यांवर ब्लॅकआउटचा (उजेड बाहेर दिसू नये म्हणून लावलेला) काळा कागद, आणि वीज नाही. मग उजेड कशाचा? पाण्यावर थोडं तेल आणि त्यात तरंगणारी वात, कार्बाइडचा दिवा, किंवा घरात उभी केलेली सायकल, जिचं पेडल मारत कुणीतरी डायनॅमोवर दिवा पेटता ठेवतो. हातात दाबून चालवायची डायनॅमोची विजेरीही होती. दाबलं की घरघर आवाज आणि क्षणभर उजेड. ही विजेरी चित्रपटाला फार उपयोगी आहे, कारण जिन्यात कोण येतंय हे त्या घरघरीवरून मुलीला कळतं आणि सोडली की अंधार.

ज्योतीचा उजेड नुसत्या ज्योतीवर घेऊ नका. लेन्सचं छिद्र f/१.४ एवढं उघडं ठेवलं तर ५० मिमी लेन्सने एक मीटरवर फोकसची खोली (स्पष्ट दिसणारा पट्टा) जेमतेम साडेतीन सेंटिमीटर मिळते. मूल श्वास घेतानाही तेवढं हलतं. वातीच्या मागे १९००-२००० केल्विनचा (ज्योतीसारख्या नारिंगी रंगाचा) छोटा एलईडी लपवा, हलकी थरथर द्या आणि f/२.८ वर या. फोकसची खोली दुप्पट होते आणि फोकस-पुलर (फोकस सांभाळणारा सहायक) माणसासारखं काम करू शकतो. शेगडीत खरी आग मुलांसमोर पेटवू नका. आत एलईडी ठेवा, खऱ्या आगीचे जवळचे शॉट मोठ्यांच्या हातांवर वेगळे घ्या.

तोंडातून वाफ हवी म्हणून मुलांना थंडीत उभं करू नका. थंड खोलीत मोठ्या माणसाचा श्वास काळ्या पडद्यासमोर चित्रित करून नंतर मिसळता येतो. तेही जमत नसेल तर वाफेवाचून काही बिघडत नाही. अंगावरच थंडी दाखवा. नाक पुसणारी बाही, बगलेत धरलेले हात पुरतात.

आवाज

व्याप्त शहर मुलाला आधी ऐकू येतं, मग दिसतं. ध्वनीला निम्मा वेळ द्या. पटकथेबरोबरच ध्वनीची वेगळी यादी करा: विटांच्या रस्त्यावर खिळे ठोकलेल्या बुटांची चाल, टायरऐवजी लाकडी पट्टी बसवलेल्या सायकलचा खडखडाट, रात्री जर्मनीकडे जाणाऱ्या बॉम्बफेकी विमानांची लांबलचक घरघर, शिजवलेलं अन्न वाटणाऱ्या सार्वजनिक स्वयंपाकघराबाहेर रिकाम्या पिंपात चमचे खरवडणारी मुलं. ट्रक येण्यापेक्षा ट्रक *थांबणं* भीतीचं असतं. इंजिन बंद होतं, तीन सेकंद काही नाही, मग दार. ती तीन सेकंदं संकलनात कुणालाही कापू देऊ नका.

भिंतीपलीकडचं बोलणं फिल्टर लावून करता येतं, पण त्याहून चांगला उपाय सोपा आहे: संवाद मुद्रित करा, शेजारच्या खोलीत स्पीकरवर वाजवा, दार लावून इकडून पुन्हा मुद्रित करा. शब्द पुसले जातात आणि सूर राहतो. मुलाला नेमकं तेवढंच मिळत असतं. जर्मन हुकमांना सबटायटल देऊ नका. डच मुलाला जर्मन अर्धवट कळे. प्रेक्षकालाही अर्धवटच कळू दे.

प्रत्येक जागेचा साठ सेकंदांचा रूम टोन (त्या जागेच्या शांततेचा आवाज) घ्या, युनिट बाहेर काढून. जिना उखडण्याचा आवाज सेटवर नीट मिळत नाही. जुन्या खोक्याचे गंजलेले खिळे हळूहळू उपटून तो वेगळा मुद्रित करा. पार्श्वसंगीत? पहिल्या कटमध्ये एकही सूर नको. चित्रपट त्याच्याशिवाय उभा राहत नसेल तर दोष प्रसंगात आहे आणि व्हायोलिन तो झाकण्यापलीकडे काही करणार नाही.

सैनिक, शस्त्रं, जिना

गस्तीचा सैनिक ओरडतच आला पाहिजे असं नाही. एक सैनिक नाक शिंकरत दारात उभा, दुसरा जिन्यावर टॉर्च फिरवतो आणि कंटाळून निघून जातो. मुलीसाठी हे जास्त भयंकर आहे, कारण सुटका का झाली ते तिला कळत नाही. पूर्ण गणवेश एकच पुरतो. बाकी पट्टा, कोटाची कड, हातमोजे. नाझी चिन्हं टेकच्या मध्ये झाकून ठेवा आणि उघड्या रस्त्यावर चित्रीकरण असेल तर आधी परवानगी घ्या. जर्मनीत अशी चिन्हं सार्वजनिक ठिकाणी वापरणं गुन्हा आहे, कलाकृतींना सूट असली तरी.

सेटवर फक्त रबरी बंदुका. मुलं असतील तिथे ब्लँक (गोळी नसलेली) काडतुसंही नाहीत. बंद खोलीत त्यांचा आवाज कानाला इजा करतो आणि जवळून उडालेले कण जखम करतात. चमक आणि आवाज नंतर मिसळा. रबरी बंदूकही मुलाच्या दिशेने रोखू नका. कॅमेऱ्याच्या कोनातून तसं भासवता येतं. चित्रीकरणाआधी मुलांना ती हातात घेऊन पाहू द्या, मग ती एकाच माणसाच्या ताब्यात राहील.

उखडलेला जिना खऱ्या पडक्या घरात चित्रित करणं धोक्याचं आहे. त्या हिवाळ्यातही तुळया काढलेली घरं कोसळत असत. सेटवर पाच पायऱ्यांचा जिना बांधा, उंची ९० सेंटिमीटरपर्यंत, खाली गाद्या. ज्या पायऱ्या निघायच्या त्यांना आधीच सैल करून लाकडी खुंट्या लावा. खरे खिळे फक्त जवळच्या शॉटच्या वेगळ्या फळीत.

जेवण

भुकेच्या हिवाळ्यात लोकांनी ट्युलिपचे कंद आणि शर्कराबीट खाल्लं. सेटवर खरे ट्युलिपचे कंद मुलांना कदापि देऊ नका. ते विषारी ठरू शकतात, आणि त्या काळातही मधला पिवळा कोंब काढूनच शिजवायच्या सूचना दिल्या जात. उकडलेले छोटे कांदे किंवा कोरलेले बटाटे पडद्यावर तसेच दिसतात. अ‍ॅलर्जी आधी विचारा. खाण्याच्या शॉटसाठी १२ वाट्या तयार ठेवा आणि प्रत्येक टेकला दोनच घास.

भुकेलं मूल हपापून खातं हा समज बाजूला ठेवा. बराच काळ भुकेलं असलेलं मूल हळू खातं, कडेने खातं, भावाच्या ताटलीकडे पाहतं, बोट फिरवून ताटली पुसतं. हे दिग्दर्शन म्हणून सांगावं लागतं, कारण पोटभर जेवलेल्या कलाकाराला ते सुचत नाही.

संकलन आणि चाचणी

पहिला कट २३-२४ मिनिटांचा होईल. मुलीच्या चेहऱ्याचे शॉट कापण्याआधी मोठ्यांचे संवाद कापा. त्यांतला प्रत्येक खुलासा एकदा काढून बघा. प्रसंग कळत असेल तर तो परत घालू नका. काळ सांगणारी पाटी सुरुवातीला एकच: अ‍ॅमस्टरडॅम, जानेवारी १९४५. शेवटी माहितीचा परिच्छेद टाकायचा मोह होईल. टाकायचाच असेल तर दोन ओळी, आणि त्या मैत्रिणीबद्दल नकोत.

चाचणीसाठी दोन गट बसवा, प्रत्येकी सात-आठ जणांचे: एक मोठ्यांचा, एक दहा ते तेरा वर्षांच्या मुलांचा. मुलांच्या गटासोबत त्यांचे पालक असावेत. आवडला का, हे विचारू नका. मोठ्यांना विचारा: मैत्रीण कुठे आहे हे तुम्हाला कुठल्या शॉटला कळलं? उत्तर जिन्याच्या प्रसंगाआधीचं आलं तर सुरुवातीला जास्त सांगितलं गेलंय. शेवटच्या शॉटनंतरही कळलं नाही तर स्केट आणि बूट शेजारी दिसणारा शॉट एक-दीड सेकंद लांबवा. संवाद वाढवू नका. मुलांना विचारा: आई का गप्प झाली? ‘चोरीमुळे’ आणि ‘मैत्रिणीमुळे’ अशी दोन्ही उत्तरं आली आणि मुलं त्यावरून आपसांत वाद घालू लागली, तर त्या प्रसंगाला हात लावू नका. सगळ्यांचं एकच उत्तर आलं तर आईच्या अंगठ्याचा शॉट पुन्हा मोजा: नाव पूर्ण वाचता येत असेल तर तो उशिरा कापलाय, एकही अक्षर दिसत नसेल तर लवकर. बारा ते सोळा फ्रेम्स इकडे-तिकडे केल्यावर दुसरा, नवा गट बसवा.